हायड्रोसने रंग उतरतो, मग मागे काय राहते?

रंगखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला हायड्रोस माहीत आहे. लॉट गडद निघाला, डाग पडला किंवा पार्टीने शेड नापसंत केली, की कढईत पाणी गरम करायचे, कॉस्टिक आणि हायड्रोस टाकायचे आणि रंग उतरवून घ्यायचा. थोड्याच वेळात काळे सूत पिवळट दिसू लागते. आपण म्हणतो, रंग गेला. पण रंग गेला म्हणजे नेमका कुठे गेला?

हा प्रश्न मला १९९८ साली पडला. तेव्हा मी वालिदसाहेबांच्या गादीवर नुकताच बसू लागलो होतो. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत काळ्या किनारीच्या नॅपकिनांचा माल जर्मनीला जायचा होता. सूत मालेगावातच रंगवले होते. माल जाण्याआधी नमुना तपासणीला गेला आणि नापास होऊन आला. रिपोर्टवर एकच शब्द ठळक होता : बेंझिडीन. गाठी परत आल्या, भाडे आणि मजुरी अंगावर पडली. मी रंगारी चाचांकडे धावलो. विचारले, "चाचा, हा काळा कुठला होता?" ते म्हणाले, "सेठ, काळा तो काळा. डबा तुम्हीच पाठवला होता." खरेच होते. डबा मीच घेतला होता. त्यावर रंगाचे रासायनिक नाव नव्हते, नंबर नव्हता आणि भाव मात्र फार गोड होता.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, रसायनशास्त्राशी ओळख दहावीपुरती. पण त्या नुकसानीनंतर मी प्रयोगशाळेतल्या जाणकारांना विचारत, जमेल ते वाचत ही गोष्ट समजून घेतली. आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना ती उपयोगी पडेल, म्हणून इथे सोप्या शब्दांत मांडतो.

रंगाची गाठ

आज वापरात असलेल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग 'अझो' जातीचे आहेत. अझो म्हणजे नत्राच्या, अर्थात नायट्रोजनच्या, दोन अणूंची जोडगाठ. या गाठीच्या दोन्ही बाजूंना कार्बनची कडी असलेले तुकडे जोडलेले असतात. गाठ शाबूत आहे तोवर रंग दिसतो. गाठ तुटली की रंग नाहीसा होतो आणि दोन बाजूंचे तुकडे मोकळे होतात. या मोकळ्या तुकड्यांना अमाइन म्हणतात.

हायड्रोस हेच करतो, तो गाठ तोडतो. रंग नाहीसा झालेला दिसतो, पण तुकडे कढईतल्या पाण्यातच असतात. ते निरुपद्रवी असतील तर प्रश्न नाही. परंतु त्या रंगाची इमारत बेंझिडीनवर उभी केलेली असेल, तर कढईत आता मोकळे बेंझिडीन आहे आणि कारागिराचे हात त्याच पाण्यात आहेत.

युरोपला जाणारा माल तपासतात तो याच पद्धतीने. कापडाचा तुकडा घेऊन ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात सोडियम डायथायोनाइट टाकतात, म्हणजे आपला हायड्रोसच. मग पाण्यात कोणते अमाइन निघाले ते यंत्रावर मोजतात. आणि आपल्या शरीरातही हेच घडते. आतड्यातले जीवाणू आणि आपले यकृत ही गाठ तोडू शकतात. त्वचेवरचे काही जीवाणूही ती तोडतात. म्हणजे 'रंग पक्का आहे, धुतला तरी निघत नाही' एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. रंग फुटला तर त्यातून काय निघेल, हा खरा प्रश्न आहे.

हे कसे कळले?

कृत्रिम रंगाची सुरुवात १८५६ साली लंडनमध्ये झाली. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरातून मिळणाऱ्या पदार्थापासून जांभळा रंग काढला. पुढच्या काही दशकांत जर्मनीत रंगांचे मोठे कारखाने उभे राहिले. १८८४ साली काँगो रेड आला. तोपर्यंत बहुतेक रंग सुतावर बसवायचे तर आधी फिटकरीसारखा पदार्थ द्यावा लागे. काँगो रेडला गरम पाणी आणि मीठ पुरत होते. त्याचा रेणू लांब, सरळ आणि सपाट, त्यामुळे तो कापसाच्या तंतूला सहज चिकटून बसे. ही लांबी आणि सरळपणा त्याला बेंझिडीनने दिला होता. आपण ज्यांना 'डायरेक्ट' रंग म्हणतो त्यांचे घराणे इथून सुरू झाले. स्वस्त, सोपे, एका कढईत होणारे. गरीब रंगाऱ्याला आणखी काय हवे होते?

किंमत दुसऱ्याच कुणी मोजली. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकाने रंगकारखान्यातल्या कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचे जाहीर केले. १९५४ साली इंग्लंडमधल्या रंगकामगारांच्या मोठ्या पाहणीतून बेंझिडीन आणि २-नॅफ्थिलअमाइन या दोन पदार्थांवर पुराव्यानिशी बोट ठेवले गेले.

तुम्ही म्हणाल, हे रंग बनवणाऱ्या कारखान्यांचे झाले. आपण तर तयार रंग वापरतो. तर जपानच्या क्योटो शहराची हकीकत ऐका. तिथे रेशमी किमोनोवर हाताने नक्षी रंगवणारे कारागीर ब्रशचे टोक ओठांनी ओले करून टोकदार करत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डॉक्टरांना या कारागिरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळू लागला. त्यांनी बेंझिडीन कधी पाहिलेही नव्हते. त्यांच्या तोंडात जात होता तो तयार रंग. १९७८ मध्ये अमेरिकेत डायरेक्ट ब्लॅक ३८ आणि डायरेक्ट ब्ल्यू ६ हे रंग उंदरांना खाऊ घालून पाहिले, तेव्हा अवघ्या १३ आठवड्यांत त्यांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी झाल्या. आणि अगदी जवळचे उदाहरण अहमदाबादचे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बेंझिडीनपासून बनणारे रंग हाताळणाऱ्या तिथल्या कामगारांच्या मूत्रातही बेंझिडीनची द्रव्ये सापडली. त्यांच्या मूत्राशयाच्या पेशींतल्या डीएनएला ही द्रव्ये चिकटलेली होती.

विषशास्त्राचे तीन धडे

विषशास्त्र म्हणजे कोणता पदार्थ, किती प्रमाणात, कोणत्या वाटेने शरीरात जाऊन काय करतो याचे शास्त्र. आपल्यासाठी त्यातले तीन धडे पुरेसे आहेत.

पहिला : धोका म्हणजे नुसते विष नव्हे. विष आणि संपर्क यांचा तो गुणाकार आहे. बंद डब्यातला रंग कुणाला मारत नाही. तोच रंग पंख्याखाली तोलताना भुकटी होऊन उडाला, नाकात गेला, हाताला लागून भाकरीबरोबर पोटात गेला, की हिशेब सुरू होतो.

दुसरा : विष दोन चालींचे असते. तेजाब हातावर पडले तर लगेच चटका बसतो, म्हणून आपण तेजाबाला भितो. बेंझिडीनसारखे पदार्थ चटका देत नाहीत. यकृतातून ते मूत्राशयात उतरतात, तिथे मूत्राबरोबर तासन्‌तास पडून राहतात आणि पेशींच्या मुळावर घाव घालतात. रोग दिसतो तो बहुधा पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा. तोवर कारागीर दुसऱ्याच धंद्यात गेलेला असतो. म्हणून 'आम्ही इतकी वर्षे वापरतो, काही झाले नाही' ही दलील इथे कामाची नाही.

तिसरा : अनेक वाटांनी आलेले विष शरीरात एकत्र होते. विडी-सिगारेटच्या धुरातही याच कुळातले अमाइन असतात, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूरच आहे. रंगाच्या हाताने विडी ओढणारा कारागीर दोन दारांतून एकच पाहुणा आत घेतो.

रेणूच वेगळा घडवायचा

इथपर्यंत ऐकले की माणूस म्हणतो, मग हातमोजे घाला, मास्क लावा. ते करावेच. पण मोजा फाटतो, मास्क उकाड्यात गळ्यात लटकतो. रसायनशास्त्रज्ञांनी म्हणून वेगळा विचार केला. पदार्थ विषारी बनवून मग त्यावर पहारा ठेवण्यापेक्षा तो मुळातच निर्धोक का घडवू नये? या विचाराला हरित रसायनशास्त्र असे नाव मिळाले. १९९८ साली पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्याची बारा तत्त्वे मांडली. त्यातल्या एका तत्त्वाचा आशय असा की पदार्थाने आपले काम चोख करावे आणि तरीही त्याचे विषारीपण कमीत कमी असावे. आपल्या भाषेत सांगायचे तर रंग पक्का हवा आणि रंगारीही सलामत हवा.

हे कसे साधतात, याची चार उदाहरणे पाहू.

एक. तुकड्यांना पाण्याची ओढ लावणे. 'बटर यलो' नावाचा पिवळा अझो रंग एकेकाळी लोण्यात घालत. १९३० च्या दशकात जपानमध्ये त्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे दिसले. टारट्राझिन हाही पिवळा अझो रंग, आणि तो खाद्यपदार्थांत आजही ठरलेल्या मर्यादेत वापरला जातो. फरक कशात? टारट्राझिनला सल्फोनिक आम्लाचे गट जोडलेले आहेत. त्यामुळे गाठ तुटली तरी निघणारे तुकडे पाण्यात विरघळतात, पेशींच्या पडद्यातून सहज आत शिरत नाहीत आणि बाहेर टाकले जातात. बटर यलोचे तुकडे स्निग्ध, ते आत मुरतात.

दोन. वाट बदलणे. २-नॅफ्थिलअमाइनचा धोका कळला, पण त्यापासून बनणारे मध्यवर्ती पदार्थ रंगधंद्याला हवेच होते. मग क्रम उलटा केला. आधी नॅफ्थॉलला सल्फोनिक गट जोडायचा आणि नंतर अमाइन बसवायचे. याने टोबियास आम्ल मिळते. ते घातक अमाइन मधल्या टप्प्यावर मोकळे हाताळावे लागत नाही.

तीन. नवा पाया शोधणे. डायरेक्ट रंगाला लांब, सरळ रेणू हवाच, नाहीतर तो सुताला धरणार नाही. म्हणून बेंझिडीनच्या जागी डायअमिनोबेंझानिलाइड आणि डायअमिनोस्टिल्बीन डायसल्फोनिक आम्ल यांसारखे लांबट पदार्थ आणले गेले. बंदीच्या यादीत ते नाहीत. यांच्यापासून बनलेले रंग थोडे महाग पडतात, पण त्यांचा काळाही काळाच असतो.

चार. घातक टोकाला अडसर घालणे. पूर्वी रक्ताचा डाग ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत बेंझिडीन वापरत. १९७४ साली इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याच रेणूवर अमाइनच्या दोन्ही अंगांना मिथिल गट बसवले, एकूण चार. या टेट्रामिथिलबेंझिडीनने काम तितकेच चांगले केले आणि उंदरांवरच्या चाचणीत कर्करोग केला नाही. आज रक्ततपासणीच्या असंख्य किटमध्ये जो निळा रंग उमटतो, तो याचाच.

अर्धवट सुधारणा

या चौथ्या उदाहरणात एक मोठा इशारा आहे. चारऐवजी दोनच मिथिल गट बसवले तर ओ-टोलिडीन तयार होते. बेंझिडीन बदनाम झाल्यावर काही रंगवाल्यांनी हेच ओ-टोलिडीन आणि त्याचा भाऊ ओ-डायअॅनिसिडीन पुढे केले. नाव बदलले, धोका गेला नाही. दोघेही आज युरोपच्या बंदीच्या यादीत आहेत. म्हणून विक्रेता 'यात बेंझिडीन नाही' म्हणाला की पुढचा प्रश्न विचारावा : मग त्याच्या जागी काय आहे?

नॅफ्थॉलचे काम करणाऱ्या भावांनी इथे विशेष लक्ष द्यावे. त्या पद्धतीत कारागीर 'बेस' घेतो, तेजाब आणि नायट्राइट टाकून तो खुलवतो आणि सुतावरच रंग तयार करतो. म्हणजे अमाइन तो स्वतःच्या हाताने तोलतो. सगळे बेस वाईट नाहीत. पण फास्ट ब्ल्यू बी बेस म्हणजे वर सांगितलेले ओ-डायअॅनिसिडीनच. फास्ट गार्नेट जीबीसी बेस आणि फास्ट रेड टीआर बेस हेही बंदीच्या यादीतल्या अमाइनचेच व्यापारी अवतार आहेत.

कधी कधी रंग तोच ठेवून त्याचा जोडीदार बदलता येतो. गंधकी काळा, म्हणजे सल्फर ब्लॅक, विरघळवायला सोडियम सल्फाइड लागते. त्यात आम्ल पडले की सडक्या अंड्याच्या वासाचा प्राणघातक वायू सुटतो. मुंबईच्या सेंच्युरी मिलने सल्फाइडऐवजी मक्याच्या स्टार्च कारखान्यातला साखरयुक्त उरलेला रस, हायड्रोल, कॉस्टिकबरोबर वापरून हे काम करून दाखवले. जो माल एका कारखान्याचा कचरा होता, तो दुसऱ्याचा कच्चा माल झाला.

कायदा काय म्हणतो?

जर्मनीने १९९४ साली घातक अमाइन देणाऱ्या अझो रंगांवर बंदीचा नियम केला. २००२ साली सर्व युरोपीय संघाने तो उचलला. यादीत २२ अमाइन आहेत आणि कापडात प्रत्येकी ३० मिलिग्राम प्रतिकिलो ही मर्यादा आहे. म्हणजे एक टन कापडामागे ३० ग्रॅम. अंगाला लागणारे कपडे, चादरी, टॉवेल, कातडी चपला, सगळे यात येते.

पण हे केवळ परदेशी गिऱ्हाइकाचे नखरे आहेत असे समजू नये. आपल्या भारत सरकारने ४२ बेंझिडीन रंगांवर १९९३ पासून आणि आणखी ७० अझो रंगांवर १९९७ पासून बंदी घातली आहे. एकूण ११२. माझा १९९८ चा डबा जर्मनीच्या कायद्याने नापास झाला असे मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. खरे तर तो आपल्याच देशाच्या कायद्याने आधीच नापास झालेला होता.

आपण काय करावे?

१) बिननावाचा रंग घेऊ नये. डब्यावर रंगाचे नाव आणि सी.आय. नंबर असावा. 'काळा एक नंबर' हे नाव नव्हे. बंदीतले तीन तर पाठच करा : डायरेक्ट ब्लॅक ३८ (सी.आय. ३०२३५), डायरेक्ट ब्ल्यू ६ (२२६१०), डायरेक्ट ब्राउन ९५ (३०१४५).

२) विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक आणि बंदी असलेले अमाइन नसल्याचा लेखी दाखला घ्यावा. बिलावरही तसे लिहून घ्यावे. देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचा भाव ऐकूच नये.

३) मोठी ऑर्डर असेल तर आधी एका लच्छीचा नमुना रंगवून तपासून घ्यावा. तपासणीचा खर्च परत आलेल्या गाठींपेक्षा नेहमीच कमी असतो.

४) रंग बंद जागी, पंखा बंद करून तोलावा, लगेच पाण्यात कालवावा. उघड्या हाताने कालवू नये. रंगखान्यात खाणे, पाणी पिणे, विडी ओढणे बंद. ब्रश किंवा धागा ओठाला लावू नये. रंगाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

५) जुन्या, अनोळखी रंगाचा माल हायड्रोसने उतरवू नये. कारण सुरुवातीलाच सांगितले.

६) जुने डबे मोसमच्या पात्रात किंवा नाल्यात ओतू नयेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ठिकाणी द्यावेत.

७) अनेक वर्षे रंगाचे काम केलेल्या कुणाच्या लघवीत रक्त दिसले, एकदाच दिसले आणि दुखत नसले तरीही, डॉक्टरला दाखवावे आणि 'मी रंगाचे काम केले आहे' हे आवर्जून सांगावे. हा रोग लवकर सापडला तर इलाज होतो.

शेवटचा हिशेब

आमचे रंगारी चाचा काही वर्षांनी मूत्राशयाच्या आजाराने गेले. ते विडीही ओढत. तो आजार रंगानेच झाला असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि झाला नाही असेही म्हणू शकत नाही. एवढे मात्र मला ठाऊक आहे की तो डबा मी निवडला होता आणि हात त्यांनी घातला होता. त्या डब्यावर किलोमागे वाचलेले चार पैसे मी आज सांगूही शकणार नाही, इतके ते क्षुल्लक होते.

रेणू निर्धोक घडवणे हे शास्त्रज्ञांचे काम आहे, आणि त्यांनी ते बऱ्याच अंशी केले आहे. चांगला रंग बाजारात आहे. तो मागायचा की बिननावाचा डबा उचलायचा, हे शास्त्रज्ञ ठरवत नाही, सरकारही रोज येऊन ठरवत नाही. ते ठरते आपल्या गादीवर, भाव विचारताना. कारागीर आपल्यावर भरवसा ठेवून कढईत हात घालतो. तो भरवसा आपल्याकडची अमानत आहे. म्हणून पुढच्या वेळी भाव विचारण्याआधी नंबर विचारा.